पदासाठी थांबलेली गोष्ट

हाँगकाँगच्या जुन्या चहागृहांत सकाळी म्हातारी माणसं आपापली पाखरं घेऊन येत. सुबक पिंजरा डोक्यावर कुठंतरी अडकवायचा, चहाचं भांडं आणि वाफाळत्या टोपल्या समोर घ्यायच्या, आणि शेजाऱ्याच्या पक्ष्यापेक्षा आपला पक्षी आज किती सुरेल गातो आहे याकडे एक कान ठेवून निवांत बसायचं. जॉन वू यांच्या 'हार्ड बॉइल्ड' या 1992 सालच्या चित्रपटातला पहिला मोठा गोळीबार होतो तो अशाच एका चहागृहात, आणि त्याचं चित्रीकरणही झालं ते पाडायला काढलेल्या एका खऱ्याखुऱ्या चहागृहात. पिंजरे आहेत, पाखरं आहेत, किलबिल आहे. फक्त पिंजऱ्यांच्या तळाशी पिस्तुलं दडवलेली आहेत. वर गाणं, खाली मरण, आणि दोहोंच्या मधे बोटभर जाडीचा एक तळ. शस्त्रांची चोरटी देवघेव दाखवायला एखादी पेटी, एखादी गोणीही पुरली असती. वूंना पिंजराच हवा होता. कारण पुढच्या काही मिनिटांत त्या जागेचा जो विध्वंस होणार आहे, त्यात आधी काहीतरी गात असायला हवं, हे त्यांच्यातल्या कलावंताला ठाऊक आहे. जिथं मुळात शांतता आहे तिथं आवाज झाला तर आपण दचकतो एवढंच. जिथं गाणं चालू आहे तिथं तो झाला तर आपलं काहीतरी हिरावलं जातं.

मग गोळ्या सुटतात. मेजं उलटतात, चिनी मातीची भांडी फुटतात, लाकडाच्या ढलप्या उडतात, आणि या साऱ्या कल्लोळातून इन्स्पेक्टर टकीला जिन्याच्या कठड्यावर पाठ टेकून, दोन्ही हातांत दोन पिस्तुलं घेऊन, सरळ खाली घसरत येतो. दातांत काडी. टकीला म्हणजे चाउ युन-फॅट. आपण इथं जरा थांबू आणि हा कठडा डोळे भरून पाहू. पोलिसी डावपेच म्हणून या घसरण्याला काडीचाही अर्थ नाही. पायऱ्या शेजारीच आहेत. आडोसा घेत उतरणं शहाणपणाचं ठरलं असतं. परंतु पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचं शरीर खालीवर हिंदकळतं, त्याची रेषा मोडते, आणि घसरणाऱ्या माणसाचं शरीर एकच अखंड तिरकी रेषा होतं, जिच्या टोकाशी दोन हात पंखांसारखे उघडलेले आहेत. वूंनी डावपेच सोडला आणि रेषा निवडली. अवघ्या काही सेकंदांच्या या निवडीत त्यांच्या साऱ्या चित्रपटांचं सौंदर्यशास्त्र सामावलं आहे असं मला वाटतं. आणि त्या काडीचं काय म्हणावं! भोवती सगळं मोडतं आहे, पण ती काडी जागची हलत नाही. 1986च्या 'अ बेटर टुमॉरो'त याच नटाच्या ओठांत आगपेटीची काडी होती. तिथं तो टोळीतला गुंड होता. गुंडांना फार देखणं करून ठेवता, अशी टीका वूंवर झाली, म्हणून या वेळी त्यांनी नायकाला पोलीस केलं. बाजू बदलली, हुद्दा बदलला. ओठांतला तो निवांतपणा मात्र दिग्दर्शकाच्यानं सोडवला नाही.

प्रसंगाचा शेवट स्वयंपाकघरात होतो, आणि मला विचाराल तर या अख्ख्या चकमकीचा मोती तिथं आहे. टकीला पिठात लडबडतो. त्याचा चेहरा, केस, भुवया पांढऱ्याफटक होतात, आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यानं तो आपल्या सहकाऱ्याला मारणाऱ्या माणसासमोर अगदी जवळ जाऊन उभा राहतो. तो पकडू शकतो. पकडत नाही, गोळी घालतो. समोरच्याचं रक्त त्या पांढऱ्या चेहऱ्यावर उडतं. चिनी संगीतिकेच्या रंगभूमीवर पांढऱ्याफटक रंगवलेला चेहरा हा कपटी, विश्वासघातकी पात्राचा असतो. तिथला प्रेक्षक रंगमंचावर पाऊल पडताक्षणी रंगावरून माणूस ओळखतो. वूंनी हे जाणूनबुजून केलं असेल, नसेल. पण नायक कायद्याची बाजू सोडून सूडाच्या बाजूला जातो नेमक्या त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर तो रंग चढावा, आणि तो रंग म्हणून न येता स्वयंपाकघरातलं साधं पीठ म्हणून यावा, यात जी सहजता आहे तिला दाद द्यावीच लागते. पुढे वरिष्ठ अधिकारी त्याला फैलावर घेतो, शिस्त सांगतो. ते शब्द आपण ऐकून सोडून देतो, कारण सांगायचं ते पिठानं सांगून झालेलं असतं.

आता गोष्ट. ती सांगायला फार वेळ लागत नाही. जॉनी वाँग नावाचा शस्त्रांचा व्यापारी आहे. त्याला जुन्या पिढीतल्या टोळीप्रमुखाचा धंदा गिळायचा आहे. त्याच्या टोळीत अ‍ॅलन नावाचा एक देखणा, अबोल मारेकरी आहे, जो खरं तर पोलिसांनी पेरलेला माणूस आहे. टकीला आणि अ‍ॅलन आधी एकमेकांवर पिस्तूल रोखतात आणि मग खांद्याला खांदा लावतात. शस्त्रसाठा एका रुग्णालयाच्या पोटात दडवलेला आहे, आणि शेवटी ते रुग्णालयच रणभूमी होतं. बस. मूळ पटकथाकार बॅरी वाँग यांचं काम पुरं होण्याआधीच निधन झालं, आणि कथानकातले सांधे काही ठिकाणी उघडे राहिले आहेत हे लपत नाही. देखावा भारी आणि गोष्ट विरळ, असं या चित्रपटाबद्दल म्हटलं जातं. म्हणणं खरं आहे. त्यात तक्रार करण्यासारखं काय आहे, एवढंच मला कळत नाही.

'संगीत सौभद्र' पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे ठाऊक नव्हतं का? किर्लोस्करांनी 1882 साली ते रंगभूमीवर आणलं तेव्हाही ठाऊक होतं. पुढे बालगंधर्वांच्या काळात तर प्रेक्षागृहातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. माणसं तिथं पदासाठी जात. पद आलं की गोष्ट अदबीनं बाजूला सरून उभी राहायची, नट एकेक जागा घेत पद फुलवत न्यायचा, 'वन्स मोअर' आला की तेच पुन्हा व्हायचं, आणि श्रोत्यांचं समाधान झाल्यावर गोष्ट खाकरून पुढच्या संवादाला लागायची. 'हार्ड बॉइल्ड' हे त्या जातीचं नाटक आहे. यातले गोळीबार ही यातली पदं आहेत. ही केवळ माझी कल्पनेची भरारी नव्हे. वू हे संगीतमय चित्रपटांचे जुने भक्त, 'वेस्ट साइड स्टोरी'वर आणि जाक देमी यांच्या गाण्यांत भिजलेल्या फ्रेंच चित्रपटांवर त्यांचा जीव, आणि आपण हाणामारी नृत्यासारखी बसवतो हे त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितलेलं आहे. नायक फावल्या वेळात जॅझ बारमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, आणि त्या बारचा चालक म्हणून पडद्यावर येतात ते खुद्द जॉन वू. सूत्रधारानं नांदीपुरतं रंगमंचावर दर्शन द्यावं, तसंच हे.

पदांच्या दोन जाती असतात, एक उसळणारी आणि एक आत वळणारी. अ‍ॅलनच्या वाट्याला दुसरी आली आहे. अ‍ॅलनचं काम करणाऱ्या टोनी ल्युंग या नटाचे डोळे हे हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीचं मोठं वैभव. तो बोलत नसतो तेव्हा अधिक बोलतो. अ‍ॅलनची पहिली ठळक कामगिरी पाहा. ग्रंथालय आहे. टेबलाशी एक माणूस वाचत बसला आहे. अ‍ॅलन कपाटातून शेक्सपिअरचा जाडजूड ग्रंथ काढतो. आतली पानं कोरून तिथं आवाज दाबलेलं पिस्तूल ठेवलेलं आहे. एक दबका फटकारा, आणि काम संपलं. चहागृहात गाण्याच्या जागी रणकंदन झालं होतं. इथं मौनाच्या जागी मौनच राहतं, आणि तरीही एक माणूस कमी होतो. दोन्ही प्रसंग आठवणीत शेजारी शेजारी ठेवले की ध्यानात येतं, वूंना केवळ आवाजाची हौस नाही. त्यांना जागेचा स्वभाव कळतो, आणि त्या स्वभावाशी हिंसेचं नातं प्रत्येक वेळी नव्यानं जुळवायचं असतं. आणि शेक्सपिअरच का? ज्याच्या शोकांतिकांच्या शेवटी रंगमंच प्रेतांनी भरून जातो त्याच्याच पोटातून शस्त्र निघावं, ही खोडी मला फार आवडते. दिग्दर्शक ती अधोरेखित न करता पुढे जातो, हे त्याहून आवडतं.

अ‍ॅलन एका शिडाच्या बोटीवर एकटा राहतो. ज्या ज्या माणसाला त्यानं मारलं, त्याच्या नावानं तो कागदाची घडी घालून एक बगळा करतो. बोटीत ते बगळे टांगलेले आहेत. संवादातून पश्चात्ताप दाखवायचा तर त्याला किती वाक्यं लागली असती, आणि ती सारी वाक्यं किती खोटी वाटली असती! इथं फक्त बोटं दिसतात, पिस्तूल चालवणारी तीच बोटं, आता कागदाची कड नखानं दाबून सरळ करणारी. चौकोनी कागद मुडपत मुडपत त्यातून मान उचललेला पक्षी निघतो. चहागृहातली पाखरं जिवंत होती आणि पिंजऱ्यात होती. ही निर्जीव आहेत आणि वाऱ्यावर डोलतात. त्याच अ‍ॅलनचे पोलिसांना जाणारे गुप्त निरोपही तितकेच नाजूक आहेत: पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ आणि सोबत गाण्याच्या ओळी, ज्यांत सांकेतिक मजकूर दडलेला असतो. गुच्छ येतात ते टकीलाच्या प्रेयसीच्या नावानं, आणि त्याचा जळफळाट होतो. गुप्तहेरगिरीची ही पद्धत व्यवहारात कितपत टिकली असती, असा प्रश्न मनात येतो आणि आपण तो हसून बाजूला ठेवतो. ज्या चित्रपटात पिस्तुलं पाखरांच्या पायाखाली असतात, तिथं बातम्या फुलांतून येणार, हे ओघानंच आलं.

मधल्या गोदामातल्या चकमकीबद्दल मी फार बोलणार नाही. मोटारसायकली आहेत, धूर आहे, स्फोटांवर स्फोट आहेत. माझ्या मते तान जरा जास्तच लांबली आहे. मात्र त्यात एक क्षण आहे, ज्यात वडिलांसारख्या म्हाताऱ्या टोळीप्रमुखावर अ‍ॅलनला स्वतःच्या हातानं गोळी झाडावी लागते. त्या वेळी ल्युंगच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहण्यासाठी सगळ्या मोटारसायकली माफ.

आणि मग रुग्णालय. चित्रपटाच्या उत्तरार्धाचा मोठा भाग तिथंच जातो. हे रुग्णालय म्हणजे वस्तुतः शीतपेयाच्या बाटल्या भरण्याचा एक बंद पडलेला कारखाना. त्याच्या आत वूंनी वॉर्ड, मार्गिका, काचेची दारं, नवजात बाळांचा कक्ष असं सारं उभं केलं, ते पद्धतशीरपणे फोडता यावं म्हणून. या भागातली आपल्याला पहिली भुरळ पडते ती एका खलपुरुषाची. मॅड डॉग हा जॉनीचा उजवा हात. त्याचं काम करणारा फिलिप क्वॉक या चित्रपटाच्या हाणामाऱ्या बसवणाऱ्यांपैकीही एक. हा माणूस चँग चेह या दिग्दर्शकाच्या कुंग-फूच्या चित्रपटांतून नाव कमावून आलेला, आणि वूंनीही तरुणपणी शॉ ब्रदर्समध्ये याच चँग चेह यांच्या हाताखाली उमेदवारी केलेली. त्या जुन्या चित्रपटांतल्या योद्ध्यांचा एक धर्म असे: वैर वैऱ्याशी, निःशस्त्रावर हात उगारायचा नाही. मॅड डॉग आणि अ‍ॅलन एका मार्गिकेत समोरासमोर उभे आहेत, पिस्तुलं रोखलेली, आणि मधून कुबड्यांवर चालणारे, भेदरलेले रुग्ण जाऊ पाहतात. दोघे वैरी एकमेकांकडे पाहतात आणि त्यांना जाऊ देण्यासाठी शस्त्रं खाली करतात. केवढी ही घटका! हजारो गोळ्यांच्या पावसात दोन माणसं शब्दाशिवाय एका नियमावर सही करतात. लगेच जॉनी वाँग येतो आणि त्या रुग्णांवरच गोळ्या झाडतो. मॅड डॉग स्वतःच्या धन्यावर उलटतो, आणि मरतो. जुना योद्धा आणि नवा व्यापारी यांच्यातलं अंतर इतक्या थोडक्यात, इतक्या वेगात क्वचितच कुणी दाखवलं असेल. धन्याला धर्म नाही, माल आहे. कथा विरळ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा पाहावा, अशी माझी नम्र विनंती.

आणि आता या नाटकातलं मुख्य पद. टकीला आणि अ‍ॅलन रुग्णालयाच्या मार्गिकेत शिरतात, आणि पुढची 2 मिनिटं 42 सेकंद कॅमेरा एकदाही पापणी मिटत नाही. वूंची नेहमीची शैली कापण्याची. एक उडी चार कोनांतून दाखवायची, हालचाल मंद करायची, पुन्हा वेग द्यायचा. सगळा चित्रपट तो मनमुराद खेळ खेळल्यावर अचानक ते कात्री खाली ठेवतात. कॅमेरा दोघांच्या पाठोपाठ चालू लागतो. एक वळण, एक दार, काचेचा चुरा, कोपऱ्यातून कुणीतरी, गोळी, पुढचं वळण. आतापर्यंत आपण प्रेक्षागृहात सुरक्षित बसलो होतो, कारण प्रत्येक कात्रीबरोबर आपल्यालाही क्षणभर विसावा मिळत होता. आता तो विसावा काढून घेतला आहे. त्यांच्या पावलांबरोबर आपली पावलं, त्यांच्या दमाबरोबर आपला दम.

आणि मध्येच ते लिफ्टमध्ये शिरतात. दार बंद होतं. कॅमेरा आत, त्यांच्यासोबत. थोड्या वेळापूर्वी धुराच्या लोटात समोर अचानक आलेल्या एकावर अ‍ॅलननं गोळी झाडली होती. तो पोलीस होता, हे आता त्याला उमगतं. जो आयुष्यभर दोन्हीकडचा आणि कुठलाच नाही असा जगला, त्याच्या हातून शेवटी आपलाच माणूस जातो. टकीला त्याला सावरायला पाहतो. लिफ्ट सरकते आहे. बाहेर काहीच नाही, फक्त धातूची एक पेटी, दोन चेहरे, आणि ल्युंगच्या डोळ्यांत साठत जाणारं काळोखं पाणी. मग दार उघडतं, दुसरा मजला, आणि पुन्हा तेच अग्निकांड.

यात एक गंमत आहे, आणि ती कळल्यावर माझा आनंद दुणावला. दुसरा मजला नव्हताच. लिफ्ट कुठंही गेली नव्हती. दार बंद असलेल्या सुमारे 20 सेकंदांत बाहेर मंडळी जिवाच्या आकांतानं फुटलेली काच झाडत होती, मोडतोड हटवत होती, तोच मजला नव्यानं सजवत होती. म्हणजे आत अ‍ॅलनचं हृदय फुटत होतं तेव्हा पातळ दारापलीकडे केरसुण्या चालल्या होत्या! सिनेमाच्या मायेचं इतकं लोभस उदाहरण मला दुसरं आठवत नाही. तरी यातला खरा कौशल्याचा भाग केरसुण्यांचा नाही. ती 20 सेकंदं भरायची कशानं, हा प्रश्न होता. दुसरा कुणी तिथं विनोद ठेवता, नाहीतर बंदुका भरायचा खटका. वूंनी तिथं पाप ठेवलं. तंत्राची गरज म्हणून जी फट राहिली, तिच्यात चित्रपटाची सगळ्यात खोल वेदना नेऊन बसवली. चांगला गवई श्वास घ्यायला थांबतो ते थांबणंही पदात जिरवतो, ही ती विद्या.

जाणकार रसिकाला आता एक शंका येईल: इतकी मारामारी, इतकं रक्त, मग मन शिणत कसं नाही? शिणतं, थोडं शिणतं. पण वूंनी त्यावर एक उतारा ठेवला आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आला असावा असं मला वाटत राहतं. ग्वांगझूत 1946 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच हाँगकाँगला आला, आणि 1953च्या शेक किप मेईच्या प्रचंड आगीत हजारो गरिबांबरोबर त्याच्या घरच्यांच्याही डोक्यावरचं छप्पर गेलं. आगीतून लेकरांना कसं न्यायचं असतं, हे त्याला गोष्टी ऐकून शिकावं लागलं नसेल. इथं रुग्णालय पेटलं आहे आणि नवजात बाळांचा कक्ष रांगेनं भरलेला आहे. टकीलाची प्रेयसी आणि तिच्या सोबतिणी काय करतात? बाळांना उचलण्याआधी त्यांच्या इवल्या कानांत कापसाचे बोळे घालतात. बाहेर छत कोसळतं आहे आणि कुणाला तरी आठवतं की गोळ्यांच्या आवाजानं बाळं दचकतील! भरतमुनींच्या यादीत वत्सल रस नाही, नंतरच्या रसिकांनी त्याच्यासाठी हट्ट धरला; रौद्राच्या ऐन मांडीवर बसलेला हा वत्सल पाहिला असता तर त्यांना वाद घालायला आणखी एक दाखला मिळाला असता. लक्षात घ्या, या कापसानंतर प्रत्येक स्फोट आपल्याला वेगळा ऐकू येतो. आपण तो त्या कानांनी ऐकू लागतो.

शेवटचं एक बाळ राहतं, आणि ते टकीलाच्या वाट्याला येतं. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात दुपट्यातलं गाठोडं. जिन्याच्या कठड्यावरून दोन्ही हात उघडून घसरलेला तोच हा माणूस, पण आता त्याला एकच हात मोकळा आहे, आणि म्हणून त्याची सगळी ऐट पार बदलते. तो अंग चोरतो, पाठ गोळ्यांकडे करतो, बाळाच्या गालावर उडालेलं रक्त पुसतो, त्याला गाणं म्हणून दाखवतो. चाउ युन-फॅटचं हसू इथं इतकं खरं आहे की क्षणभर आपण बंदुका विसरतो. आणि मग त्याच्या पायाला आग लागते, विजार पेटते, हात दोन्ही गुंतलेले. आणि बाळ, बाळांच्या सनातन रिवाजाप्रमाणे, त्याच्या अंगावर मुततं. आग विझते. सबंध चित्रपटभर इतका दारूगोळा, इतकी अग्निशस्त्रं, आणि नायकाचा जीव वाचवतं ते हे पाणी! इथं प्रेक्षागृह हसतं, मोकळं होतं, आणि गंमत अशी की टकीलाही मनापासून कृतज्ञ असतो.

पुढे चित्रपट अजून थोडा चालतो. जॉनी वाँगचा हिशेब राहिलेला असतो, अ‍ॅलनचा त्याग राहिलेला असतो, बोट आणि बगळे राहिलेले असतात, आणि अ‍ॅलन जगला की नाही याचा गोंधळही दिग्दर्शकाला ठेवायचा असतो. ते सारं रीतसर होतं. जॉनी नायकाला छळतो तो भाग मला लांबलेला वाटतो, आणि तेवढ्या वेळात माझं मन खिडकीबाहेर सुखरूप पोचलेल्या त्या पोराकडेच असतं: त्याच्या कानातले बोळे एव्हाना कुणी काढले असतील की नाही?